खेळण्यातला शिपाई आणि शब्दांवाचूनचा अंक

चेन्नईच्या उच्च न्यायालयाची तांबडी, घुमटदार इमारत पाठीशी टाकून उत्तरेकडे वळले, की जॉर्ज टाउन सुरू होते. किल्ल्याच्या तटाबाहेर राहणाऱ्या देशी लोकांची ही वस्ती. इंग्रज तिला एके काळी ‘ब्लॅक टाउन’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी पंचम जॉर्जच्या नावावरून तिचे नामांतर झाले. येथील रस्ते अरुंद आणि सरळ. कोठे कागदाचे गठ्ठे, कोठे लोखंडी सामान, कोठे घाऊक खेळणी, आणि ह्या सर्वांमधून वाट काढणाऱ्या हातगाड्या. ह्याच रस्त्यांपैकी एक तंबू चेट्टी रस्ता होय. कंपनी सरकारच्या काळातील एका व्यापाऱ्याचे नाव त्याला मिळाले आहे. मराठी माणसाला हा रस्ता ठाऊक असतो तो कालिकांबाळ देवीच्या मंदिरामुळे. कर्नाटकाच्या स्वारीत, ३ ऑक्टोबर १६७७ रोजी, शिवाजी महाराजांनी ह्या देवीचे दर्शन घेतले अशी तेथील परंपरा आहे, आणि महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूला ती आवर्जून सांगितली जाते.

त्याच रस्त्यावर, ३३४ क्रमांकाच्या जागेत, १९४९ साली एका लहानशा कारखान्याने आपली पहिली कचेरी थाटली. कारखाना कसला, तर मुलांच्या फुग्यांचा. पुढे चाळीस वर्षांनी भारतातल्या मुलांच्या हाती अमेरिकन बनावटीच्या साच्यांतून निघालेला एक चिमुकला प्लास्टिकचा शिपाई पडला, त्याची एक वाट ह्या कचेरीपासून निघालेली आहे. दुसरी वाट न्यूयॉर्कच्या एका चित्रकथा-कार्यालयातून निघाली. ह्या दोन वाटा भारतात पुरत्या कधी एकत्र आल्या नाहीत. शिपाई आला, त्याची कथा मात्र मागेच राहिली.

फुग्यांची हकीगत प्रथम सांगावयास हवी. के. एम. मम्मन माप्पिळ्ळै हे त्रावणकोरातील एका नामांकित घराण्यातले. ‘मलयाळ मनोरमा’ हे वृत्तपत्र आणि एक मोठी बँक अशी दुहेरी प्रतिष्ठा त्या घराला होती. परंतु दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर ह्यांच्या कारकिर्दीत, १९३८ साली, बँक बुडाली, वृत्तपत्राला टाळे लागले आणि वडिलांना कारावास घडला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकणारा हा मुलगा सुखवस्तू घरातला होता. त्याच्यावर वसतिगृहात जमिनीवर निजण्याची पाळी आली. १९४६ मध्ये त्यांनी मद्रासच्या उत्तरेला तिरुवोत्तियूर येथे एका छपराखाली फुगे करण्यास आरंभ केला. यंत्रे नव्हती. पत्नी कुंजम्मा हाताशी होत्या. तयार झालेला माल पिशवीत भरून ते स्वतः दुकानोदुकानी हिंडत. पुढे फुग्यांच्या जोडीला रबरी दुधापासून साच्यात केलेली, दाबली की चीं-चीं करणारी खेळणी आली, हातमोजे आले. तंबू चेट्टी रस्त्यावरची कचेरी ह्याच दिवसांतली.

फुग्याचा धंदा तो! एका टाचणीने संपणारी वस्तू विकून माणूस किती दूर जाणार? पण १९५२ साली ह्या कारखान्याने झिजलेल्या टायरवर चढवावयाचे रबर काढण्यास सुरुवात केली आणि चार-पाच वर्षांत त्या मालाच्या बाजारपेठेचा सुमारे अर्धा हिस्सा हस्तगत केला. १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅन्सफील्ड कंपनीच्या सहकार्याने टायर निघू लागले. मद्रास रबर फॅक्टरी, म्हणजेच एमआरएफ, हे नाव सर्वतोमुखी झाले. १९६४ साली डोक्यावर टायर तोलणारा त्यांचा तो सुप्रसिद्ध मल्ल जाहिरातीत अवतरला.

योगायोग असा, की त्याच १९६४ साली अमेरिकेत आणखी एक बलदंड पुरुष बाजारात उतरला. त्याचे नाव जी. आय. जो. त्याचा निर्माता हास्ब्रो ही कंपनी. हॅसेनफेल्ड बंधूंनी १९२३ साली कापडाच्या तुकड्यांच्या व्यापारातून तिचा पाया घातला होता. मुलींसाठी कपडे बदलता येणाऱ्या बाहुल्या होत्या. तशाच बाहुलीला शिपायाचा गणवेष चढवून मुलांना विकावे ही त्यांची कल्पना. परंतु मुलगा बाहुलीशी खेळतो असे म्हटले तर बाप दुकानाची पायरी चढणार नाही, ही भीती. म्हणून ‘बाहुली’ हा शब्दच वर्ज्य केला गेला आणि त्या जागी ‘कृतिशील मूर्ती’ अशा अर्थाचा एक नवा शब्द घडवला गेला. आज जगभर तो रूढ आहे. व्यापाऱ्याच्या संकोचातून भाषेत शब्द जन्माला येतात, ते असे.

हा पहिला शिपाई फूटभर उंच होता. व्हिएटनामच्या युद्धाने अमेरिकनांचे मन विटले, तेव्हा त्याची बंदूक काढून घेऊन त्याला साहसी प्रवासी बनवण्यात आले. पुढे खनिज तेलाचे भाव भडकले, त्यासरशी प्लास्टिक महागले, आणि १९७०च्या दशकातच तो दुकानांतून नाहीसा झाला. १९८२ साली तो परतला तेव्हा त्याची उंची पावणेचार इंचांवर आली होती. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या मूर्तींनी ती उंची आधीच लोकप्रिय केली होती. आता एक शिपाई नव्हता, एक पथकच होते. प्रत्येकाला वेगळे नाव, वेगळा चेहरा, वेगळे कसब. धड आणि पाय ह्यांना जोडणारे एक बारीकसे रबरी कडे आत बसवलेले असे, त्यामुळे कंबर वाटेल तशी वळे. काही वर्षांनी ते कडे सुकून तुटे आणि वीर पुरुषाचे दोन तुकडे हातात येत. ज्यांनी ह्या मूर्ती जपल्या, त्यांना हा प्रसंग ओळखीचा असेल.

पथक झाले, पण हे लढणार कोणाशी आणि कशासाठी? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हास्ब्रोने मार्व्हल ह्या चित्रकथा-प्रकाशन संस्थेचे दार ठोठावले. त्यामागे आणखी एक हिशेब होता. अमेरिकन दूरचित्रवाणीवर खेळण्याच्या जाहिरातीत चलच्चित्रे किती दाखवावीत ह्यावर बंधने होती. चित्रकथेच्या मासिकाची जाहिरात दूरचित्रवाणीवर कोणी करीतच नसे, त्यामुळे तिच्यासाठी तसे बंधनही कोणी घातलेले नव्हते. तेव्हा जाहिरात मासिकाची करायची आणि लाभ खेळण्याने घ्यायचा! युक्ती नामी होती. मुलांचा कार्यक्रम कोठे संपतो आणि विक्री कोठे सुरू होते, हा वाद तेथे १९६९ पासूनच पेटलेला होता. त्या वर्षी खेळण्यांतील मोटारींवर बेतलेली एक मालिका सुरू झाली, तेव्हा प्रतिस्पर्धी कारखानदाराने तक्रार केली की ही अर्ध्या तासाची जाहिरातच आहे. बॉस्टनच्या पेगी चॅरन ह्यांनी मुलांच्या वतीने ह्या प्रश्नावर वर्षानुवर्षे लढा दिला. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. विकत घेण्याची अक्कल ज्याला अजून आलेली नाही, त्याला गोष्टीच्या आमिषाने विकत घ्यायला लावणे, ह्यात काही तरी अधर्म आहेच.

मार्व्हलच्या कार्यालयात हे काम कोणी हौसेने घेतले असे नव्हे. खेळण्यांवरची चित्रकथा म्हणजे लेखकाच्या पायरीवरून एक पायरी खाली उतरणे. काम पडले ते लॅरी हामा ह्यांच्याकडे. जपानी वंशाचे हे अमेरिकन गृहस्थ १९४९ मध्ये न्यूयॉर्कला जन्मले. व्हिएटनाम युद्धाच्या काळात त्यांनी लष्करात नोकरी केली होती. इतर कोणी हे काम पत्करले नाही म्हणून ते आपल्याकडे आले, असे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे. त्यांनी मात्र त्यात मन घातले. प्रत्येक पात्राचे गाव, शिक्षण, स्वभाव, खोडी ह्यांची टिपणे ते स्वतःसाठी करीत. तीच टिपणे पुढे खेळण्याच्या वेष्टनाच्या पाठीवर छापली जाऊ लागली. शत्रू असावा ही सूचना त्यांचे सहकारी आर्ची गुडविन ह्यांची, आणि त्यातून ‘कोब्रा’ ही कपटी संघटना निर्माण झाली. जून १९८२ची तारीख घातलेला पहिला अंक निघाला; चित्रे हर्ब ट्रिंप ह्यांची होती.

त्या पहिल्या पथकात स्नेक आइज, म्हणजे ‘सर्पाक्ष’, नावाचा एक शिपाई होता. नखशिखान्त काळा, चेहरा झाकलेला. हे गूढ रूप कोणा कलावंताला स्फुरलेले नव्हते. मूर्तींवर रंग चढवण्याचा खर्च आटोक्यात ठेवायचा, म्हणून एक मूर्ती नुसत्या काळ्या प्लास्टिकची ओतून तशीच सोडून द्यायची, एवढाच विचार त्यामागे होता. ज्याच्यावर सर्वांत कमी पैसा खर्च झाला तोच पुढे सर्वांत लाडका ठरला. हामांनी त्याला अपघातात वाचा गमावलेला, विद्रूप झालेला आणि म्हणून मुखवट्याआड राहणारा योद्धा केले. दुकानदाराच्या काटकसरीला लेखकाने असे चरित्र दिले.

आणि मग आला एकविसावा अंक. त्याच्यावर तारीख मार्च १९८४ची. संपूर्ण कथेत एकही संवाद नाही. निवेदनाची चौकट नाही, ‘धडाम्’ नाही, ‘खण्ण’ नाही. हामांना शब्दांविना कथा सांगून पाहायचीच होती; शिवाय वेळ अपुरा होता, आणि शब्द नसले की चित्रांत अक्षरे भरण्याचा एक सबंध टप्पा वाचतो. कथा त्यांनी स्वतःच चित्रांत मांडली, आणि स्टीव्ह लेयालोहा ह्यांनी त्या आराखड्यांवर शाईचा हात फिरवला.

कथा म्हणावी तर साधी. स्टॉर्म शॅडो नावाचा शुभ्रवस्त्रधारी निंजा स्कार्लेट ह्या पथकातील तरुणीला कैद करून कोब्राच्या डोंगरी किल्ल्यात आणतो. स्नेक आइज एकटाच तिला सोडवण्यास निघतो. पहारे, तट, जिने, तलवारी. पण वाचणाऱ्याची अपेक्षा येथे एकदा चुकते: स्कार्लेट त्याची वाट पाहत बसत नाही. ती स्वतःच आपल्या बेड्या काढते आणि पहारेकऱ्यांशी झुंजत बाहेर येते. मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या युद्धाच्या खेळण्यांत, १९८४ साली, ही गोष्ट लहान नव्हती. अखेरीस दोघे उडून निसटतात. स्नेक आइजची बाही फाटलेली असते, आणि तिच्याखाली, दंडाच्या खालच्या भागावर, एक गोंदण दिसते. चिनी ‘ई चिंग’ ग्रंथातील सहा रेघांची ती आकृती. तेच गोंदण नुकतेच आपण शत्रूच्या, त्या पांढऱ्या निंजाच्या हातावर पाहिलेले असते.

येथे अंक संपतो. कोणी काही समजावून सांगत नाही. काळा आणि पांढरा हे एकाच गुरुकुलातले. मग एक इकडे आणि एक तिकडे कसा? शेवटच्या पानापर्यंत आपल्यालाही पुढचे ठाऊक नसते, अशी हामांची लिहिण्याची रीत होती. त्या गोंदणाचा उलगडा सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या अंकांत त्यांना करावा लागला, आणि त्यातून मालिकेचा कणा तयार झाला. व्हिएटनाममध्ये खांद्याला खांदा लावून लढलेले मित्र, परत आल्यावर एका घराने दिलेला आसरा, एक खून, एक गैरसमज. फूटभराच्या बाहुल्याची बंदूक ज्या युद्धाने काढून घ्यायला लावली, तेच युद्ध मागच्या दाराने पावणेचार इंचांच्या बाहुल्याच्या कथेत शिरले, आणि ह्या वेळी मनाची जखम घेऊन.

हा अंक आज पुन्हा उघडणाऱ्याच्या एक गोष्ट लक्षात येते. खेळणे विकायचे तर प्रथम त्याचे नाव उच्चारावे लागते. ‘हा पाहा अमुक रणगाडा, हे तमुक विमान’ असे पात्रांच्या तोंडून वदवावे लागते. मालिकेतील इतर अनेक अंकांत ते वदवलेही आहे, आणि तेथे कथा क्षणभर दुकानाच्या काचेसारखी दिसते. ह्या अंकात कोणाला बोलताच येत नाही. स्टॉर्म शॅडोची मूर्ती त्याच वर्षी बाजारात आली, हे खरे. तेव्हा हेतू व्यापाराचाच होता. पण शब्द गेल्याबरोबर विक्रेत्याची जीभही गेली. उरले ते दोन माणसांचे हात, आणि त्यांवरची एकच खूण. चॅरनबाईंच्या आक्षेपाला हे उत्तर आहे असे नाही. तो आक्षेप आपल्या जागी उभाच राहतो. परंतु भाड्याने घेतलेल्या लेखणीलाही कधी कधी आपली मालकी सापडते, हेही नाकारता येत नाही. २००१ साली मार्व्हलने आपल्या अनेक मालिकांचा एकेक अंक निःशब्द काढण्याचा उपक्रम केला, तेव्हा ह्या जुन्या अंकाची आठवण निघणे स्वाभाविक होते.

आता पुन्हा भारताकडे. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हास्ब्रो ह्यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी निघाली. कारखाना गोव्यात. फुग्यापासून निघालेला व्यवसाय टायरांचा मोठा वळसा घेऊन खेळण्यांकडे परत आला होता. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळे आणि रंगीत बाहुल्या होत असत, त्या मुलुखापासून हाकेच्या अंतरावर आता अमेरिकन साच्यांतून जी. आय. जो ओतला जाऊ लागला. साचे तेच, पण रंग पुष्कळदा निराळे. अमेरिकेत हिरवा असलेला शिपाई येथे निळा-पिवळा होऊन निघे. त्या वेळी ते कोणाला खटकले नाही, कारण मूळ रंग कोणी पाहिलेलेच नव्हते. पुढे परदेशांतील संग्राहक ह्याच विसंगत रंगांच्या भारतीय मूर्ती मुद्दाम शोधू लागले.

मूर्ती आल्या, वेष्टनाच्या पाठीवरचे चार ओळींचे इंग्रजी चरित्रही आले. चित्रकथा मात्र खेळण्याच्या बरोबर आली नाही. मोठ्या शहरांतील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अमेरिकन अंक सुटे-सुटे मिळत, पण एक हाती लागला तर पुढचा मिळेलच ह्याचा भरवसा नसे. मद्रासेत अशा खजिन्याचे घर म्हणजे मध्यवर्ती स्थानकाजवळचे मूर मार्केट. तेही १९८५ च्या मे महिन्यात आगीत भस्मसात झाले होते. आपल्याकडे नेहमी उलटे घडत आले होते. कथा आधी, आणि खेळणे आलेच तर मागून. मद्रासेतच निघणारा ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठी घरांत येत होता. १९६७ पासून अनंत पै ह्यांची ‘अमर चित्र कथा’ मुंबईतून निघू लागली. विक्रम आणि वेताळ सर्वांना पाठ, पण वेताळाची मूर्ती कोणाच्या खिशात नव्हती. आता खिशात मूर्ती होती आणि तिची कथा पाठ नव्हती.

ह्याचा अर्थ मुले अडून बसली असा मुळीच नव्हे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो, त्यावर अळीव पेरले जाते, गुहेत वाघ बसतो, सिंहासनावर महाराज आणि तटावर मातीचे मावळे. त्या मावळ्यांच्या रांगेत प्लास्टिकचे हे परके शिपाई जाऊन उभे राहिले. मावळ्याची गोष्ट आजीने सांगितलेली असे: हा तानाजी, हा बाजीप्रभू. परक्या शिपायाला ती सोय नव्हती. त्याचा पक्ष कोणता, तो कोणाचा मित्र, कोणाचा वैरी, हे अंगणातच ठरे, आणि दुसऱ्या दिवशी बदलेही. कोब्राचा माणूस शत्रू आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने त्याला गडाचा किल्लेदार केला तर त्याला चूक कसे म्हणावे? अमेरिकन मुलाला कथा तयार मिळाली, येथल्या मुलाला ती करावी लागली. दोहोंत अधिक श्रीमंत कोण, ह्याचा निवाडा वाटतो तितका सोपा नाही.

एक हळहळ मात्र राहते. त्या दीडशेहून अधिक अंकांच्या मालिकेत एकच अंक असा होता, की ज्याला भाषांतरकाराची गरज नव्हती. इंग्रजी न येणारा रत्नागिरीचा किंवा डिचोलीचा मुलगा तो पहिल्या चित्रापासून अखेरच्या गोंदणापर्यंत एका दमात वाचू शकला असता. चित्रपटगृहात वा घरात, शब्दांवाचून तलवारीची चकमक समजणे त्याला अवघड नव्हते. नेमका तोच त्याच्यापर्यंत पोहोचला नाही.

मार्व्हलची ती मालिका १५५ अंकांनंतर डिसेंबर १९९४ मध्ये थांबली. २०१० साली दुसऱ्या एका प्रकाशनाने ती जेथे तुटली तेथूनच, क्रमांकही तेच चालू ठेवून, पुन्हा सुरू केली. लेखक तेच लॅरी हामा. २०२३ मध्ये तिसऱ्या प्रकाशनाकडे ती ३०१व्या अंकाने गेली, तेव्हाही लिहिणारा हात बदलला नव्हता. भारतात ह्या मूर्तींची निर्मिती केव्हाच बंद पडली. गोव्यात ओतलेले ते शिपाई आता मध्यमवयीन गृहस्थांच्या कपाटांत आणि परदेशी संग्रहांत आहेत. बहुतेकांच्या पोटातले रबरी कडे कधीच तुटले आहे. ते बदलता येते. पाठीवरचा एक बारीक स्क्रू सोडवला, की धडाचे दोन भाग सुटतात, नवे कडे अडकवायचे, आणि शिपाई पुन्हा कंबरेत वळू लागतो. तसा दुरुस्त केलेला शिपाई टेबलावर उभा करून एखादा जुना खेळगडी तो एकविसावा अंक प्रथमच उघडतो, आणि मूर्तीच्या हातावर कोठे गोंदण कोरलेले आहे का, ते पाहण्यासाठी तिला उजेडाजवळ नेतो.